सोज्वळ हॉकी

माणसाने कृतज्ञता मनात ठेवावी, फार तर एखादी शाल द्यावी. पण कृतज्ञतेपोटी कोणाला चित्रपट दाखवायला जाऊ नये. शाल दिली की घेणारा म्हणतो, "अहो, कशाला उगाच?" आणि विषय तिथे मिटतो. चित्रपटाला खोली लागते, यंत्र लागतं, प्रेक्षक लागतात, आणि आमच्या बाबतीत तर दुभाषीही लागला. तो दुभाषी मी.

ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते शामकांतकाका म्हणजे आमच्या किमयाचे वडील. आयुष्यभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. ते आणि प्रेमाकाकू इथे सिंगापुरात, हौगांगला लेकीकडे राहत होते आणि आता कायमचे कुडाळला परत निघाले होते. आम्ही आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये नवेनवे आलो, तेव्हा आमची जाई बालवाडीत होती आणि बायको विनीता अचानक हॉस्पिटलात. मला इथला डॉक्टर माहीत नव्हता, बस माहीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुकरला किती शिट्ट्या होऊ द्यायच्या तेही माहीत नव्हतं. किमयाशी तेव्हा ऑफिसातली जुजबी ओळख. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काका-काकू दारात उभे. काकू तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि काका जाईचं बोट धरून शाळेच्या रस्त्याला लागले. विनीता घरी येऊन हिंडूफिरू लागेपर्यंत हे चाललं. ते दोघं नसते तर मी बायकोपोरीला घेऊन पुण्याचं विमान पकडलं असतं, यात मला जराही शंका नाही.

म्हणून मी काकांना विचारलं, "काका, जाण्याआधी तुमच्यासाठी काय करू?"

काका काही मागणाऱ्यातले नव्हेत. पण खूपच आग्रह केल्यावर म्हणाले, "एक पिक्चर आहे रे."

तरुणपणी त्यांचं जहाज कॅनडाच्या कुठल्याशा बंदरात बर्फामुळे अडकून पडलं होतं. तिथल्या खलाशांच्या क्लबात एक इंग्रजी विनोदी चित्रपट लावला होता. बर्फावर हॉकी खेळणारा एक गावठी संघ असतो, सगळीकडे मार खाणारा. त्याचा गोलकीपर चष्मा सुतळीने बांधून खेळतो, आणि प्रशिक्षक सामना चालू असताना समोरच्या संघाला विमा विकतो. एवढं सांगेपर्यंत काकांना हसू आवरेना. ते हसत राहिले आणि गोष्ट तिथेच थांबली.

"हे असंच होतं बघ," डोळे पुसत ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून हिला सांगतोय. तिसऱ्या वाक्याला मलाच हसू फुटतं आणि ही म्हणते, 'बरं.' तिला इंग्रजी कळत नाही, मला सांगता येत नाही. तेव्हा मी तिथे एकटाच हसलो होतो रे. तिला एकदा शेजारी बसवून हसताना बघायचं आहे."

आता यावर नाही म्हणणारा माणूस मला दाखवा. मी म्हणालो, "काका, झालंच समजा." आयुष्यात ज्या ज्या वेळी मी हे वाक्य उच्चारलं आहे त्या त्या वेळी काहीही झालेलं नाही, याची विनीताने मला परतताना बसमध्ये आठवण करून दिली.

चित्रपट कुठल्याही ॲपवर नव्हता. शेवटी पासिर रिसला राहणाऱ्या आमच्या शैलेंद्रने जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्याची डीव्हीडी शोधून आणली. शैलेंद्रला जगातल्या प्रत्येक गोष्टीतलं कळतं आणि ज्यातलं कळत नाही त्यातलं जास्त कळतं. डीव्हीडीवर सबटायटल्सची सोय होती, पण स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या तीनच भाषांत.

"नॉर्वेजियन लाव," शैलेंद्र म्हणाला. "ती बरीचशी जर्मनसारखी असते."

"पण काकूंना जर्मन कुठे येतं?"

"ते वेगळं. मी पर्याय सांगितला."

पुढचा प्रश्न, डीव्हीडी लावायची कशात? आमच्या ओळखीच्या एकाही घरात प्लेयर निघाला नाही. इतकी वर्षं संगणकक्षेत्रात नोकरी करणारी आम्ही माणसं एका चकतीपुढे हतबल झालो. वाचवलं ते आमच्याच मजल्यावरच्या मादाम चुआंनी. त्यांच्याकडे घरगुती कराओकेचा संच होता. त्यात डीव्हीडी चालायची, सोबत माइक होता आणि माइकमधून येणारा प्रत्येक शब्द गुहेत घुमल्यासारखा घुमायचा. शिवाय गाणारा थांबला की यंत्र आपण होऊन पडद्याच्या कोपऱ्यात गुण द्यायचं. "व्हेरी ऑनेस्ट मशीन," मादाम चुआ अभिमानाने म्हणाल्या. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच, फक्त ते गुण बंद करायचं बटण त्यांनाही सापडत नव्हतं.

मी ठरवलं, चित्रपट चालू ठेवायचा आणि माइकवरून मराठीत सांगत जायचं. आधी एकदा घरी लावून बघितला आणि पहिल्या पाच मिनिटांत घाम फुटला. त्या चित्रपटात हॉकी थोडी आणि शिव्या फार. गोल झाला की शिवी, गोल चुकला की शिवी, बस बंद पडली की बसला शिवी. मी जाईला लगबगीने खोलीत पाठवलं. आतून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत आवाज आला, "पा, आय नो ऑल दीज वर्ड्स, लाह." बापाचं शिक्षण व्यर्थ गेलं असं मला तेव्हा वाटलं. त्यातले दोन शब्द माझ्यासाठीही नवीन होते.

त्यात किमयाचा फोन. "प्रबोध, एक सांगायचं होतं. आई फार सोवळी आहे. तिने उभ्या आयुष्यात कोणाला मूर्खसुद्धा म्हटलेलं नाही. आम्ही मुलुंडला असतानाही घरात अगदी शुद्ध बोलायची. तिच्या कानावर वेडंवाकडं काही जायला नको."

"मुळीच जाणार नाही," मी म्हणालो. मला तिच्या काळजीचं कौतुकच वाटलं.

मग मी शिव्यांना सोज्वळ प्रतिशब्द शोधायला बसलो. माझं बालपण कर्वेनगरात गेलं. आमच्याकडे भांडणाचा पारा जसजसा चढतो तसतशी भाषा सभ्य होत जाते. 'अरे' चं 'अहो' झालं की समजावं, आता धडगत नाही. माझा वैयक्तिक शिव्यांचा साठा 'गाढव' ला सुरू होऊन 'नालायक' ला संपतो, आणि नालायक मी आजवर फक्त प्रिंटरला म्हटलं आहे. तेवढ्या भांडवलावर मी आंघोळ करताना सराव करू लागलो. बाहेरून विनीता म्हणाली, "तू आत कोणाची माफी मागतो आहेस का?" ती खरं तर सिनेमातली सर्वांत गलिच्छ शिवी होती.

दरम्यान बातमी क्षिप्राला लागली. क्षिप्रा आमच्या मंडळाची सांस्कृतिक आघाडी सांभाळते. माझ्या डोक्यात काका-काकू, किमयाचं घर आणि आमचं घर, एवढाच बेत होता. पण क्षिप्राने 'हॉकी' हा शब्द ऐकला आणि पुढचं ऐकून घेतलं नाही. आपल्याकडे हॉकीचा चित्रपट म्हणजे काय असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे: शेवटच्या मिनिटाला गोल, वर चढणारा झेंडा आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी. तिने मंडळाच्या ग्रुपवर संदेश टाकून दिला: 'रविवारी देशभक्तीपर हॉकीपट. सहकुटुंब यावे. मुलांना अवश्य आणावे. पांढरा पोशाख असल्यास उत्तम.' मला कळेपर्यंत त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती.

"क्षिप्रा, ही हॉकी बर्फावरची आहे."

"अय्या, म्हणजे सियाचीन?"

माणसं वाढली म्हणून मोठी जागा हवी. शैलेंद्रच्या कॉन्डोत, म्हणजे त्याच्या सोसायटीत, एक हॉल होता, पण तिथे बुकिंग करताना कार्यक्रमाचा प्रकार निवडावा लागे. वाढदिवस, बैठक, योगवर्ग आणि प्रार्थना असे पर्याय होते, चित्रपट नव्हता. ऑफिसातल्या बाईंना विचारलं, तर त्या गोड आवाजात म्हणाल्या की यादीत नाही ते करायचं झाल्यास कमिटीपुढे जावं लागेल, आणि कमिटी पुढल्या महिन्यात बसेल. काका-काकूंचं विमान त्याआधीच होतं. शैलेंद्रने परस्पर 'प्रार्थना' निवडून टाकलं.

"अरे, पण खोटं कशाला?"

"खोटं कसं? तू सुरू करण्याआधी देवाचं नाव घेणारच आहेस की."

ते मात्र त्याने खरं सांगितलं.

रविवारी दुपारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं हॉलमध्ये जमली. लहान मुलांच्या हातांत तिरंगे होते. दाराशी 'प्रेअर मीटिंग' अशी पाटी लागलेली असल्यामुळे सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी मोतिया रंगाच्या साडीत काकू, मांडीवर हात ठेवून, शांत. काका पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे बघत होते. मी माइक हातात घेतला.

चित्रपट सुरू झाला तो सामन्यानेच, आणि सामन्याआधी पडद्यावर राष्ट्रगीताचे सूर लागले. आमचा अख्खा हॉल ताडकन उभा राहिला. गीत आपलं नाही हे लक्षात येईपर्यंत एक कडवं होऊन गेलं होतं. मग बसावं तर परक्या देशाचा अपमान, उभं राहावं तर कशासाठी, अशा पेचात लोक एकेक करून, दुसऱ्याकडे बघत बघत बसले. एक आजोबा शेवटपर्यंत उभे होते. त्यांच्या शिस्तीला माझा नमस्कार.

मग पडद्यावर एक दांडगा खेळाडू दुसऱ्याच्या अंगावर धावून गेला आणि त्याच्या मातोश्रींविषयी काहीतरी म्हणाला. मी माइकवर म्हणालो, "तो म्हणतोय, आपलं वागणं मला पटलेलं नाही."

पटलेलं नाही, नाही, नाही, असं हॉलभर घुमलं. मग दुसऱ्याने काठी उगारली आणि सलग तीन शिव्या दिल्या. मी म्हणालो, "हा म्हणतोय, आपण जरा विचार करून बोलावं, अशी माझी विनंती आहे."

प्रेक्षक गंभीरपणे ऐकत होते. बर्फावर दोन माणसं एकमेकांच्या नरड्याला लागली होती आणि माझ्या मराठीत ती दोघं सोसायटीच्या वार्षिक सभेत बोलत होती. मी श्वास घ्यायला थांबलो की यंत्र कोपऱ्यात गुण टाकायचं. पहिल्यांदा पस्तीस दिले, म्हणजे निदान पास. नंतर ते तेवढेही देईना, आणि खाली एक रडका चेहरा उमटू लागला. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "झेंडा कधी येतो?"

तेवढ्यात गोलकीपरच्या चष्म्याचा प्रसंग आला. सुतळी तुटते, चष्मा उडतो आणि तो बिचारा गोल समजून प्रेक्षकांच्या दरवाजाचं रक्षण करू लागतो. काका मोठ्याने हसले. साऱ्या हॉलमध्ये एकटेच. हसता हसता त्यांनी काकूंकडे वळून बघितलं. काकू माझ्याकडे बघत होत्या, कारण मी सांगत होतो, "सदर गृहस्थांची दिशाभूल झालेली आहे." त्या काकांकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "बरं."

काकांचं हसू विझलं. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि सरळ पडद्याकडे बघत बसले. मला तिथल्या तिथे धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. ज्या माणसाने माझ्या पोरीला बोट धरून शाळेत पोचवलं, त्याला मी परत त्या बंदरात नेऊन एकटं बसवलं होतं. माझी प्रतिष्ठा गेली तर गेली, तिला तशीही फारशी किंमत कधी आली नव्हती. पण काकांची ही एवढी एक इच्छा माझ्या सभ्यपणाने धुळीला मिळवली होती. माझा आवाजच बंद झाला. माइक हातात, तोंड उघडं, आणि चित्रपट आपला पुढे चाललेला.

पडद्यावर गोलकीपर पडला होता. समोरच्या संघातल्या एका आडदांडाने त्याला पडल्यावरही काठी हाणली आणि पंच दुसरीकडे बघत शीळ घालत राहिला. सांगायला कोणीच नव्हतं.

"मेल्या! तुझ्या तोंडार शिरा पडो!"

आवाज पहिल्या रांगेतून आला. प्रेमाकाकू उभ्या राहिल्या होत्या. बोट पंचाकडे.

"आंधळो काय रे तू? पडलेल्याक मारता तो, आणि तू शीळ घालतस? वाघ खावंदे तुका!"

"आई!" किमया किंचाळली.

"तू गप ऱ्हव गो!" काकू मागे न बघता म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू रे प्रबोधा, मघापासून काय विनंती-विनंती चालवलंस? तेंची तोंडा बघ, कोण विनंती करता हा? हाड हय तो माइक!"

मी निमूटपणे माइक दिला. आयुष्यात काही जबाबदाऱ्या सोडताना इतकं हलकं वाटतं, हे मला पूर्वी माहीत नव्हतं.

पुढे जे झालं त्याला भाषांतर म्हणता येणार नाही. काकूंना इंग्रजी अक्षर कळत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. पडद्यावरचा माणूस तोंड उघडायचा आणि त्याच्या तोंडातून काकू वेंगुर्ल्याच्या बाजारातली मालवणी बाहेर काढायच्या. प्रशिक्षक विमा विकायला निघाला की, "इलो बघा घरबुडवो! मढ्यावरचा लोणी खातलो ह्यो!" बस बंद पडली की बसला, "फटकी भरो तुका, हयच मरूचा होता?" आडदांड परत मैदानात आला तेव्हा काकूंनी जो शब्द वापरला तो मी इथे लिहिणार नाही, कारण हे विनीता वाचणार आहे. तो माइकमधून तीनदा घुमला. यंत्राने शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण दिले आणि आपण होऊन तुतारी वाजवली.

हॉल कोसळला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टेकून हसत होती. मघाचे उभे आजोबा आता खाली सतरंजीवर होते. क्षिप्रा पदराने डोळे पुसत, "पण झेंडा..." एवढंच म्हणू शकत होती. जाई मला त्याच सिंगापुरी थाटात म्हणाली, "पा, आज्जी सो पावर, सिया!" आणि माझ्या मुलीला मराठीची गोडी लागावी म्हणून मी केलेले सगळे प्रयत्न मला त्या क्षणी हास्यास्पद वाटले.

इतक्यात दार उघडलं. कॉन्डोचा सिक्युरिटी अंकल आत डोकावला. "एक्स्क्यूज मी, प्रेअर सो लाउड, आह? अपस्टेअर्स कम्प्लेन."

काकूंना नेमकं तेव्हाच पंचावर पुन्हा भडकायला झालं होतं. डोळे विस्फारलेले, एक हात वर, तोंडाने अखंड धारा. अंकलने ते रूप बघितलं आणि त्याने नकळत हात जोडले.

"मंत्र आहे," शैलेंद्र मराठीतच म्हणाला, इतका तो घाबरला होता.

"ओके, ओके," अंकल हळू आवाजात म्हणाला. "आंटी प्रे व्हेरी फियर्स. फिनिश फर्स्ट, नेव्हर माइंड." आणि त्याने दार आपल्या हाताने, अगदी अलगद ओढून घेतलं. त्या भल्या माणसाला उदंड आयुष्य लाभो. तक्रार करणाऱ्यांनाही लाभो, कारण ते परत आले नाहीत.

किमया मात्र थिजल्यासारखी उभी होती. "बाबा, आई अशी बोलते?"

"अशीच बोलायची," काका म्हणाले. "तू शाळेत जायला लागलीस आणि तुझ्या बाईंनी घरी शुद्ध बोला म्हणून सांगितलं. तेव्हापासून बंद." हे सांगताना ते इतके हसत होते की शब्द धड बाहेर येत नव्हते. काठीच्या एकेका फटक्याला काकू ओरडायच्या आणि काका मांडीवर थाप मारायचे. तो संघ शेवटचा सामना जिंकला की हरला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

दिवे लागले. माणसं चपला शोधत काकूंच्या पाया पडून गेली. देशभक्तीबद्दल कोणी तक्रार केली नाही. मी वायरी गुंडाळत होतो. पहिल्या रांगेत ते दोघंच उरले होते आणि काकूंचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

"बापडे पोरगे," त्या काकांना म्हणाल्या. "घरापासून लांब, थंडीत कुडकुडतत, जेवणाक कोण इचारणारा नाय. म्हणान गाळी घालतत. नायतर रडले असते." मग त्यांनी विचारलं, "थय तुमच्यासोबत कोण होता ओ?"

"कोण नाय," काका म्हणाले.

"आणि इतक्या बर्फात एकटेच हसत बसलात?"

"मगे काय करतलंय? तू खय होतंस थय?"

काकूंनी काकांच्या खिशातला रुमाल काढला, त्यांचे डोळे पुसले, मग त्याच रुमालाने आपले पुसले. सिंगापुरात इतकी वर्षं काढून मी कोणाचं इतकं देणं लागलो नसेन जितकं त्या दोघांचं लागतो, आणि ते फिटावं असंही मला वाटत नाही.

"रे प्रबोधा," काकू म्हणाल्या, "त्यो चष्म्यावालो परत लाव. तुझ्या नादात माझो त्यो हुकलो."

मी पुन्हा वायरी जोडल्या. पडद्यावर सुतळी तुटली, चष्मा उडाला, आणि चष्मेवाला प्रेक्षकांचा दरवाजा अडवून उभा राहिला. काकांनी हसायला तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यांच्या शेजारून हसण्याचा आवाज आला होता.